बॅटरी नेलीऽऽ!

आमच्या घरात बॅटऱ्यांना तोटा नव्हता, तोटा होता तो उजेडाला. पुढं शहरात आल्यावर मला कळलं की तिला टॉर्च म्हणतात, आणि पुस्तकात तर विजेरी म्हणतात. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या आमच्या गावात मात्र बॅटरी म्हणजे हातात धरायची बॅटरी, आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. घरात प्रत्येकाची आपापली बॅटरी होती आणि प्रत्येकीला आपापला आजार होता. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मांडीवर आपटल्याशिवाय पेटायची नाही. काकांच्या बॅटरीची स्प्रिंग गेली होती, म्हणून तिच्या बुडात सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबलेला असे. आईची उलटी धरली तरच लागायची, त्यामुळं आईला अंधारात स्वतःच्या पावलांपलीकडचं काही दिसत नसे. आजोबांची, म्हणजे आबांची, बॅटरी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मानाची. तिला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. घरात लाईट होती, नाही असं नाही. पण ती पाहुण्यासारखी होती. यायची, बसायची, आणि न सांगता उठून जायची. कंदीलही होता, पण कंदील बसलेल्या माणसाचा. चालत्या माणसाला बॅटरीच लागते.

एका संध्याकाळी आबा परीटघडीचं धोतर आणि फेटा चढवून भावकीतल्या साखरपुड्याला निघाले. परड्यातून जवळच्या वाटेनं जावं म्हणून ते मागच्या दारानं गेले आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर त्यांच्या मानाच्या बॅटरीनं मान टाकली. पुढचं आम्ही पाहिलं नाही, नुसतं ऐकलं. आधी "आरं आरं आरं," आणि मग एक जड, ओला आवाज. आम्ही सगळे आपापल्या बॅटऱ्या घेऊन धावलो. आबा गुडघ्यापर्यंत उकिरड्यात, आणि आम्ही काठावर उभे राहून बॅटऱ्या बडवतोय. दादा मांडीवर, काका तळहातावर, आई उलटी-सुलटी करून. एक पेटेना. शेवटी काकीनं चुलीतलं जळतं लाकूड आणलं, तेव्हा आबा दिसले. फेटा मात्र जागच्या जागी होता. आबांची आंघोळ होईपर्यंत कुणी हसलं नाही. मग काकी पदर तोंडात धरून गोठ्यात पळाली, आणि तिथून तिचं हसणं आणि म्हशीचं हंबरणं बराच वेळ एकत्रच ऐकू येत होतं.

ही काकी म्हणजे माझी धाकटी चुलती. काका शिरोलीच्या फौंड्रीत होते, पाळी असेल तसे सायकलीनं जायचे-यायचे. काकी निपाणीच्या पलीकडची, सीमेवरची. लग्नात माहेरानं तिला एक म्हैस दिली होती, आणि त्या म्हशीला मराठी कळत नव्हतं. आम्ही "ये, ये" म्हणून घसा कोरडा केला तरी ती ढिम्म. काकी "बा, बा" म्हणाली की मान हलवत यायची, "निल्लू" म्हणाली की पाय रोवून उभी राहायची. पुढं त्या म्हशीला रेड्या झाल्या, त्यांतली हौसा काकीनं स्वतःसाठी ठेवली आणि तिलाही कानडीच शिकवलं. सासऱ्यासमोर काकीचा आवाज कधी निघायचा नाही. आबांना काही सांगायचं असलं की ती आईच्या कानात सांगायची आणि आई ते मोठ्यानं बोलायची. म्हशीशी मात्र तिचं दिवसभर मोकळेपणानं चाललेलं असायचं. मला लहानपणी वाटायचं की काकीचं खरं बोलणं सगळं कानडीतच आहे, मराठीत ती नुसती हसते.

दुसऱ्या दिवशी आबांनी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या एका बुट्टीत गोळा केल्या. "एक ना धड, भाराभर चिंध्या," ते म्हणाले. "आता घरात एकच बॅटरी. पर अशी, की मेलेल्या माणसाला बी वाट दावंल." भंगारवाल्यानं त्या बुट्टीच्या बदल्यात एक चाळण दिली. त्या सगळ्या बॅटऱ्यांतून निघालेली कामाची वस्तू तेवढीच, असं आई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची.

एक बॅटरी आणायला अख्खं घर कोल्हापूरला गेलं. दादा म्हणाले, मी एकटा जाऊन आणतो की. आबांनी ऐकलं नाही. "सगळ्यांची बॅटरी, तर सगळ्यांनी बघून घ्यायची. माघारी कुणी तोंड वाकडं करायचं न्हाय." काकांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एसटीत बसलो. अंबाबाईचं दर्शन झालं, भडंगाची पुडी माझ्या हातात आली, आणि महाद्वार रोडच्या एका बोळातल्या दुकानापुढं आम्ही रांगेनं उभे राहिलो. दुकानदारानं बॅटऱ्या काढल्या, एकेक लावून दाखवली. पण भर दुपारचं ऊन. दुकान पुढून सताड उघडं. बल्ब लागलाय एवढंच दिसायचं, उजेड किती ते कळायला मार्ग नाही.

आबांनी क्षणभर विचार केला, खांद्यावरचं घोंगडं काढलं, दुकानाच्या पायरीवर बसले आणि ते डोक्यावरून घेतलं. आतून आवाज आला, "हां. द्या." दुकानदारानं बिचकत बॅटरी घोंगड्यात सरकवली. "पिवळाय जरा. दुसरी द्या." एक हात बाहेर यायचा, बॅटरी ठेवायचा, दुसरी घेऊन आत जायचा. बोळात माणसं थांबायला लागली. एका बाईनं हळूच विचारलं, "आजारी हायत काय हो पावणं?"

"न्हाय न्हाय," काका म्हणाले, "बॅटरी घ्यायलोय."

मग प्रत्येकाची पाळी आली, आणि प्रत्येकाची परीक्षा निराळी. दादांना उसाच्या पाण्याची काळजी. सरीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाला पाणी पोचलं का ते दिसायला हवं. ते दुकानामागच्या लांबोडक्या अंधाऱ्या गोदामात गेले आणि शेवटच्या खोक्यावरचं नाव इथून वाचता येतं का ते बघायला लागले. काकांनी सुतळी मागून घेतली आणि दुकानदाराच्याच सायकलीच्या हँडलला बॅटरी बांधून बघितली. आईनं एकच केलं. लावलेली बॅटरी बुडावर उभी केली, तोंड आढ्याकडं. काही कलंडल्या. "दोन्ही हात पिठात असत्यात," आई म्हणाली, "हिनं आपल्या पायांवर हुबं ऱ्हायला पायजे." काकीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आई दुकानदाराला म्हणाली, "तिला ते दारातलं भरलेलं पोतं वापरू द्या जरा." काकी पोत्यापुढं वाकली, बॅटरी हनुवटी आणि खांद्याच्या मध्ये धरली, आणि दोन्ही हात पोत्याखाली घालून म्हशीची धार काढावी तशी बसली. दुकानदार म्हणाला, "मावशी, आयुष्यभर बॅटऱ्या विकल्या, असलं गिऱ्हाईक बघितलं न्हाय." यावर आबांनी हातातली बॅटरी सरळ फरशीवर सोडून दिली. दुकानदाराचा जीव कंठाशी आला. आबांनी ती उचलली, लावली. लागली. "पडल्याबिगर कळत न्हाय," ते शांतपणे म्हणाले.

शेवटी दोन उरल्या. एक तीन सेलची पितळी, लांब, तिचा झोत गोदामाच्या टोकाला जाऊन थडकायचा. आणि एक दोन सेलची, स्टीलची, आखूड. दादा-काका पितळीच्या बाजूनं, आई-काकी स्टीलच्या. आबा मध्ये. मी आपली भडंग संपवून पायरीवर बसले होते, कारण मला कुणी विचारलंच नव्हतं. कंटाळून मी घोंगड्यात शिरले. हातात भडंगाच्या पुडीचा कागद होता, वर्तमानपत्राचा. मी पितळी बॅटरी लावली आणि कागद वाचायला गेले, तर उजेडाच्या बरोब्बर मध्यभागी एक काळा वाटोळा डाग. अक्षरं डागात गेली की दिसेनाशी व्हायची, डागातून बाहेर आली की दिसायची. स्टीलची लावली. सगळीकडं सारखा उजेड. कागद तेलकट झाला होता तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला.

"आबा, ह्या लांबड्या बॅटरीत मधली अक्षरं दिसत न्हाईत," मी आतूनच ओरडले.

आबा घोंगड्यात आले. त्यांना वाचता येत नव्हतं, पण डाग दिसला. आम्ही दोघं त्या काळ्या अंधारात, तंबाखूच्या आणि लोकरीच्या वासात, कागदावर पडलेल्या त्या गोल डागाकडं बघत बसलो. "आयला," आबा म्हणाले, "उजेडाला भोक!" मग त्यांनी घोंगडं फेकलं आणि बोळाला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "ही स्टीलची घ्यायची. पोरीनं निवडली." दादांचं तोंड थोडं वाकडं झालं, पण तोंड वाकडं न करण्यासाठीच तर ते आले होते.

त्या बॅटरीचे नियम आबांनी येताना एसटीतच सांगून टाकले. सोप्याच्या दाराच्या चौकटीला आतल्या अंगानं एक खिळा. बॅटरीची जागा तिथंच. जो नेईल त्यानं खिळ्याशी उभं राहून मोठ्यानं ओरडायचं, "बॅटरी नेलीऽऽ!" आबांनी जिथं असतील तिथनं विचारायचं, "कुठंऽऽ?" नेणाऱ्यानं जागा सांगायची, "मळ्याकडं!" किंवा "गोठ्यात!" आणि आबांनी "बरंऽ" म्हटलं की मगच पाऊल उचलायचं. परत आणली की "बॅटरी आलीऽऽ!" आणि शेवटचा नियम, बॅटरी गावाच्या शिवेबाहेर जाणार नाही. काकांनी तिथंच सुतळीचं स्वप्न सोडून दिलं आणि सायकलीला डायनामो बसवून घेतला. आमच्या गल्लीला या आरोळ्यांची इतकी सवय झाली की शेजारची माणसं आमच्या घरातलं माणूस कुठं आहे ते आम्हाला न विचारता सांगायची. खिळा मात्र दादा-काकांच्या उंचीचा होता. मला आणि काकीला उंबऱ्यावर चढून, टाचा वर करून हात लांबवावा लागायचा. पण ते कुणाला खटकलं नाही, मलाही नाही. मी कुठं एकटी बॅटरी घेऊन जाणार होते?

ती बॅटरी कधी फसली नाही. पावसाळ्यात आई तिचे सेल चुलीच्या भानवशीवर ऊब द्यायला ठेवायची. दसऱ्याला विळे-खुरपी, नांगराचा फाळ, काकांचा पाना यांच्या ओळीत ती पाटावर बसायची. पहिल्या वर्षी आईनं भक्तिभावानं कुंकवाचं बोट थेट काचेवर लावलं. पुजलेलं कुंकू पुसायचं कसं? कुणी धजावलं नाही. कितीतरी दिवस आमचा उजेड कपाळाला कुंकू लावून फिरत होता. भाकरीच्या पिठावर, म्हशीच्या पाठीवर, उसाच्या सरीत, जिथं पडेल तिथं मधोमध एक लाल टिकली. दादा म्हणायचे, ह्यापरास आपलं भोक बरं होतं.

आज माझ्या फ्लॅटमध्ये बघते तर पुन्हा भाराभर चिंध्या जमल्यात. एक चार्जिंगची बॅटरी स्वयंपाकघरात आहे, ती चार्ज केलेली नसते. एक कपाटात आहे, ती कुठल्या कपाटात ते ठाऊक नाही. प्रत्येकाच्या फोनला उजेड आहे आणि लाईट गेली की सगळे आधी फोन शोधतात, अंधारात. मी नातवाला आमच्या आरोळीची गोष्ट सांगितली तर म्हणाला, "आजी, म्हणजे लोकेशन शेअर करायचात तुम्ही." असेल बाबा. पण आमच्या लोकेशनला कुणीतरी "बरंऽ" म्हणायचं, हे त्याला कसं सांगावं?

मी अकरावीला कोल्हापूरच्या कॉलेजात जायला लागले, हे आमच्या घरात थोडं जास्तच झालं होतं. आमच्या भावकीतली कुठलीच मुलगी गावच्या शाळेपुढं गेली नव्हती. आबा नाही म्हणाले नाहीत, पण त्यांनी एक अट घातली आणि ती चारचौघांत घातली. "शीक. पर एकदा का वरीस वाया गेलं, तर दुसरं वरीस मागायचं न्हाय. स्थळ येतंय त्येला हो म्हणायचं." स्थळ येऊनही बसलं होतं, वारणेच्या पलीकडचं, चांगल्या बागायतीचं. त्या मुलात काही वाईट नव्हतं. मला पुढं शिकायचं होतं, एवढंच त्याचं वाईट होतं.

कॉलेज सकाळचं. ते गाठायचं तर फाट्यावर येणारी पहिली एसटी, आणि ती दिवस उगवायच्या बरीच आधी. घरापासून फाटा म्हणजे दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये ओढा, ओढ्यावर दगड टाकलेले. रोज पहाटे दादा बॅटरी घेऊन मला फाट्यावर सोडायचे आणि बॅटरी घेऊन परत यायचे. फाट्यालाच आमची शीव संपायची, त्यामुळं नियमही मोडत नव्हता. तेवढा वेळ काकी कंदिलावर धार काढायची. रॉकेलच्या धुरानं हौसा शिंकायची आणि काकी तिला कानडीत समजावायची. चुलीवर चहा, त्यात काकवी, आणि फडक्यात बांधलेली भाकरी-खर्डा माझ्या पिशवीत. वर्ष असं सुरळीत सरलं आणि वार्षिक परीक्षा आली.

ज्या दिवशी दोन पेपर होते, सकाळी एक आणि दुपारी एक, नेमकं त्याच दिवशी दादा घरी नव्हते. आमच्या उसाला तोड आली होती, गाडी कारखान्यावर रांगेत अडकली होती आणि दादा गाडीबरोबर. काका पाळीवर. "मी सोडतो फाट्यापातूर," आबा आदल्या दिवशी म्हणाले होते. त्यांचे डोळे तोवर पार मंदावले होते, पण ते कुणी बोलून दाखवायचं नाही. मी पहाटे उठले तर घरात लाईट नव्हती, खिळ्यावर बॅटरी नव्हती, आणि गोठ्यातून हौसाचा आवाज येत होता. हंबरण्याचा नव्हे, कण्हण्याचा.

मी गोठ्याच्या दारात गेले. हौसा आडवी पडली होती. आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. काकी मागं, गुडघ्यांवर, उजवा हात कोपराच्या वर आत गेलेला, बॅटरी हनुवटी आणि खांद्यात धरलेली, अगदी त्या पोत्यापुढं धरली होती तशी. कंदील खांबाला होता, पण काच काजळून त्याचा नुसता निखारा उरला होता. "पाय मुडपलाय रेडकाचा," आई मला हळूच म्हणाली. "तोंड आलंय, पाय येईना." काकी काही बोलत नव्हती. नुसतं दातांतून "निल्लू, निल्लू," आणि कपाळावरून घाम. ती म्हैस काकीचं माहेर होती. घरात ती एकच गोष्ट अशी होती की जी दुसऱ्या कुणाची नव्हती.

मी पिशवी खांद्याला लावून उभी. बाहेर अंधार डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा. ओढ्यावरचे दगड दिवसाच निसरडे. या गाडीनं गेले नाही तर दुसरी गाडी पेपर सुरू झाल्यावर येणार. पेपर गेला की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वारणेच्या पलीकडं. हे सगळं मला त्या क्षणी एकदम दिसलं, आणि तरीही मी म्हटलं ते मनापासून म्हटलं. "ऱ्हाऊ दे काकी. तू म्हशीचं बघ. मी न्हाय जात."

काकीनं मान वळवली. त्याबरोबर उजेडही वळला आणि माझ्या तोंडावर आला. "शाले," ती म्हणाली, "म्हशीच्या पोटात बॅटरी जाती व्हय?"

मी डोळ्यांवर हात धरला.

"आत काय दिसायचंय ते हाताला दिसतंय माझ्या. तुला वाट दिसंल का हातानं?" आणि तिनं हनुवटी उचलली. बॅटरी सुटली, तिच्या दंडावरून घरंगळत आली आणि मी ती वरच्यावर झेलली. कोमट होती आणि घामानं ओली. "जा. आणि आरडून जा. चोरावानी जाऊ नको."

मी सोप्यात आले. आबा घोंगडं खांद्यावर टाकून, काठी घेऊन तयार बसले होते, मला सोडायला. दाराशी येऊन त्यांनी पायरी काठीनं चाचपली, एकदा, दोनदा, आणि पायरी असूनही काठी पायरीवर पडेना. मी बॅटरी लावून पायरी दाखवली. आबा तिथंच थांबले. ते यायचे नाहीत हे त्यांनाही कळलं आणि मलाही. आणि मला एकटीला बॅटरी घेऊन जायचं तर ती शिवेबाहेर जाणार होती, दिवसभर कोल्हापुरात राहणार होती. मी खिळ्याखाली उभी राहिले. घरात शेकडो वेळा ऐकलेली ती आरोळी. तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

तेव्हा गोठ्यातून काकी ओरडली. आबांसमोर पदराआड कुजबुजणारी काकी. हात म्हशीच्या पोटात आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत, खणखणीत मराठीत.

"बॅटरी नेलीऽऽ! शालीनं नेलीऽऽ!"

पलीकडच्या घरात कुणीतरी कूस बदलली. कुत्रं भुंकलं. आबा दारात उभे होते, माझ्यापासून दोन हातांवर. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, तसंच मोठ्यानं, मी जणू लांब उभी आहे असं, "कुठंऽऽ?"

आणि मग मीही ओरडले, "कालिजला!"

बॅटरीचा उजेड आमच्या दोघांच्या पायांशी पडला होता, सगळीकडं सारखा, मध्ये डाग नसलेला. त्यांनी त्या उजेडाकडं बघितलं असावं. त्यांना किती दिसला कोण जाणे. माझं सगळं आयुष्य त्या वेळी त्यांच्या एका शब्दावर टांगलेलं होतं आणि मला वाटतं ते त्यांना ठाऊक होतं.

"बरंऽ," आबा म्हणाले.

त्या पहाटेची वाट मला अजून पाठ आहे. उसाची पाती कानाशी करकरत होती, ओढ्याचं पाणी आवाज करत होतं, आणि माझ्यापुढं एक वाटोळा उजेड चालला होता, मी नेईन तिकडं. मी घाबरले होते का? होते की. पण त्याहून जास्त मला गंमत वाटत होती, हे आज सांगते. पेपरला बसल्यावर पिशवी पुढं जमा करायची होती. पर्यवेक्षक बाईंनी ती चाचपली आणि म्हणाल्या, "यात काय आहे?" मी म्हटलं, "बॅटरी." त्या म्हणाल्या, "दिवसाढवळ्या?" मी म्हटलं, "घरची आहे." याहून चांगलं उत्तर मला त्या दिवशी एकाही प्रश्नाला देता आलं नसेल, पण पास होण्यापुरती दिली. दोन्ही पेपर लिहिताना मधूनच मला दातांतून आलेलं "निल्लू, निल्लू" ऐकू यायचं आणि पेन थांबायचं. हौसाचं काय झालं असेल?

संध्याकाळच्या गाडीनं फाट्यावर उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी बॅटरी लावली आणि जवळजवळ पळतच गल्लीत आले. आमच्या घराच्या अलीकडंच ओरडले, "बॅटरी आलीऽऽ!" शेजारची म्हातारी ओसरीवरून म्हणाली, "आली गं बाई, सकाळधरनं तुझीच वाट बघायला लागल्यात." मी सरळ गोठ्यात गेले. हौसा उभी होती, वैरण खात होती, जणू काही झालंच नाही. तिच्या पायांत एक काळं, लटपटतं रेडकू ढुशा देत होतं. काकी खांबाला टेकून बसली होती. उजवा हात सुजून लाल झाला होता, त्याला आईनं हळदीचा लेप दिला होता. "रेडी हाय," काकी म्हणाली, परत तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात. "बॅटरी नाव ठेवलंय." मग पदर तोंडात धरून ती हसायला लागली आणि मी तिच्या गळ्यात पडून रडले. रडायचं काही कारण नव्हतं. सगळं चांगलंच झालं होतं.

सोप्यात आबा बसले होते. लाईट गेलेलीच होती. आतून वेलदोड्याचा, गुळाचा वास येत होता. चिकाचा खरवस उकडला होता. मी उंबऱ्यावर चढले, टाचा वर केल्या आणि नेहमीच्या जागी बॅटरी अडकवायला गेले. हाताला खिळा लागेना. चाचपून बघितलं तर नुसतं एक भोक.

"खाली बघ," आबा म्हणाले.

खिळा माझ्या खांद्याइतक्या उंचीवर आला होता. चौकटीचं लाकूड आजूबाजूला चेचलं होतं. ज्यानं ठोकला त्याला नीट दिसत नव्हतं, हातोडी कितीदा तरी चुकली होती. पुढं कितीतरी वर्षं दादा आणि काका बॅटरी घ्यायला वाकायचे आणि वाकताना कुरकुर करायचे. मला आणि काकीला कधी वाकावं लागलं नाही, टाचाही वर कराव्या लागल्या नाहीत. मी त्या खिळ्याला बॅटरी अडकवली आणि खरवस खायला बसले.